लिंबाच्या पलीकडं

मी लहान असताना हा लिंब धुऱ्यावर होता. कडुलिंबाला आमच्याकडं नुसतं लिंब म्हणतात आणि बांधाला धुरा. दुपारी औत सोडलं की बाबा आणि शेजारचे काका त्याच्याच सावलीत भाकरी खायचे, बाबा उगवतीच्या अंगाला, काका मावळतीच्या. उगवतीचं रान आमचं, मावळतीचं त्यांचं. 2019 च्या फेब्रुवारीत बाबा प्रभूत निजले, म्हणजे वारले, तेव्हा हा लिंब आमच्या शेताच्या आत उभा होता. धुरा त्याच्या पलीकडं पंधरा-सोळा फूट मावळतीला गेलेला होता.

धुरा कसा सरकतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. बैलाचं औत होतं तोवर फार तर वर्षाला एखादं तास, म्हणजे नांगराची एक रेघ. ट्रॅक्टर आला आणि एका फेरीत दोन हात जमीन इकडची तिकडं व्हायला लागली. काका-काकू दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. मुकादमाची उचल फिटेपर्यंत गाव दिसायचं नाही. आमचं सोयाबीन निघालं की रान नांगरून टाकायचे दिवस नेमके त्यांच्या नसण्याचे. घरी राहायची त्यांची म्हातारी आणि दोन लेकरं. हे लिहिताना हात जड होतो, पण घडलं ते असंच.

मी जालन्याला शाळेत शिक्षक आहे. शेत अंबड तालुक्यात, 3 एकर 10 गुंठे, उताऱ्यावर 1 हेक्टर 31 आर. आजोबांनी दवाखान्यात कंपाउंडरकी करून साठवलेल्या पैशातून ते घेतलं. आजोबांचं घराणं बेथेलचं. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढं निजामाच्या मुलखात जालन्याला आले आणि त्यांनी शहराजवळ ख्रिस्ती लोकांचं एक गाव वसवलं, तेच बेथेल. बायबलमधला याकोब भावाच्या भीतीनं पळत असताना जिथं दगड उशाला घेऊन झोपला आणि सकाळी उठून त्यानं तोच दगड खूण म्हणून उभा केला, त्या जागेचं हे नाव. देवाचं घर. आमच्या घरात हे नाव फार अभिमानानं घेतलं जायचं.

बाबांविषयी आधीच सांगतो. ते वाईट माणूस नव्हते. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, वडील (एल्डर) म्हणून त्यांनी वीस-बावीस वर्षं काम केलं. आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना एक दिवस चुकली नाही. वीज गेली तर कंदिलावर शास्त्रपाठ व्हायचा. कोणाच्या घरी मयत झाली की बाबा सगळ्यात आधी आणि कबरीवर माती टाकून सगळ्यात शेवटी परतायचे. दर कापणीच्या सणाला ते शेतातली तूर पोत्यात भरून वेदीपुढं ठेवायचे, मग तिचा लिलाव व्हायचा. ती तूर नेहमी लिंबाजवळची असायची. तिथं ओढ्याकाठची खोल काळी आहे, शेंग भरते. देवाला द्यायचं ते रानातलं उत्तमातलं उत्तम, असं बाबा म्हणायचे.

2011 सालच्या नांगरटीला मी तिथं होतो. दिवस मावळायला आला होता. ट्रॅक्टर धुऱ्याच्या कडेनं वळत होता. ड्रायव्हरनं बाबांकडं बघितलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त उजव्या हाताचा पंजा पलीकडं हलवला, माणूस माशी हाकलतो तेवढाच. नांगराचा फाळ गवताच्या मुळ्या कराकरा तोडत पलीकडच्या रानात शिरला आणि काळी ढेकळं उलथली. मी तोंड फिरवून ओढ्याकडं बघत राहिलो. मी तेव्हा 41 वर्षांचा होतो, दर रविवारी लेकरांना संडेस्कूल शिकवत होतो. म्हणजे नुसतं बाबांनी केलं असं मला म्हणता येत नाही.

बाबा गेल्यावर नांगरट माझ्याकडं आली. धुरा मी पुढं सरकवला नाही, पण मागंही आणला नाही. जिथं होता तिथं पेरत राहिलो आणि जे नव्यानं केलं नाही त्याचाच मनाला आधार देत राहिलो.

2021 च्या नाताळाआधी मंडळीच्या कमिटीवर माझं नाव सुचवलं गेलं. बाबांच्या जागी मुलगा, लोकांना ते साहजिक वाटलं. त्याच महिन्यात संडेस्कूलला माझ्याकडं नाबोथाचा धडा आला. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता, नाबोथानं वाडवडिलांचं वतन द्यायला नकार दिला, मग राणी ईजबेलीनं खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवला. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्याच्याकडं अख्खं राज्य होतं ना? मग एवढीशी जमीन काहून पाहिजे होती?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या रात्री मला झोप लागली नाही आणि डोळ्यांपुढं लिंब होता.

मी कमिटीला थोडा वेळ मागितला. प्रार्थना करून सांगतो म्हणालो.

हे वाक्य आम्हा ख्रिस्ती लोकांच्या तोंडी नेहमी असतं आणि ते खोटं नसतं. पण मी ते ज्या कामासाठी वापरलं, त्याची मला आज खंत आहे. रोज पहाटे उठून मी देवाला विचारत होतो की प्रभू, तुझी काय इच्छा आहे, मला मार्ग दाखव. मार्ग तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात लिहून ठेवलेला आहे. पूर्वजांनी ठरवून दिलेली शेजाऱ्याची मेर, म्हणजे धुराच, सरकवू नको. नीतिसूत्रांत तेच पुन्हा दोनदा येतं. ईयोबात जुलमी माणसांची यादी सुरू होते तीच मेर सरकवणाऱ्यांपासून. ज्या गोष्टीवर देव आधीच बोलून चुकला आहे, तिच्यावर त्याचं मत मी पुन्हा पुन्हा मागत होतो. गणनेच्या पुस्तकातला संदेष्टा बलाम असाच आहे. इस्राएली लोकांना शाप द्यायला जाऊ नको म्हणून देवानं स्वच्छ सांगितलं होतं. बालाक राजाची माणसं जास्त मोठं इनाम घेऊन आली तेव्हा बलाम म्हणाला, रात्रभर थांबा, परमेश्वर आणखी काय सांगतो ते बघतो. लहानपणापासून मला त्याच्या बोलणाऱ्या गाढवीचं नवल वाटायचं. त्याची खरी चूक त्या एका रात्रीत आहे, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

दुसरी आडकाठी जास्त खोल होती. आपल्या बापाचा मान राख, ही दहा आज्ञांतली पाचवी. धुरा मागं घ्यायचा म्हणजे सगळ्या गावापुढं बाबांना उघडं पाडायचं. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजून चार. लोक काय म्हणणार? एवढा देवाचा माणूस आणि असा? मी मनात दोन आज्ञा समोरासमोर उभ्या केल्या होत्या आणि पाचवीच्या आडोशाला बसून आठवी, चोरी करू नको, ती मोडत होतो. मार्काच्या सातव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे कडवे लोक, उलटं करायचे, देवाला वाहिलं असं सांगून आईबापांना द्यायचं टाळायचे. येशूनं त्यांना चांगलंच खडसावलं. मी आईबापांचं नाव सांगून देवाला टाळत होतो.

2022 च्या गुड फ्रायडेला, 15 एप्रिलला, उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना थांबवून सगळं सांगितलं. तीन तासांच्या उपासनेनं ते थकले होते. तिथंच बाकावर बसले. ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प राहिले. सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती जमीन आहे?" मी म्हणालो, असेल पाच-सहा गुंठे. ते म्हणाले, "असेल म्हणू नका. आधी मोजणी करा. अंदाजानं दिलीत तर स्वतःला परवडेल तेवढीच द्याल." मग लेवीयाचा सहावा अध्याय काढून माझ्यासमोर धरला. कोणी शेजाऱ्याचं लुबाडलं असेल तर ते पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा भरायचा, आणि दोष लक्षात येईल त्याच दिवशी ज्याचं त्याला द्यायचं. दोषार्पण, म्हणजे देवापुढं करायचं दोषाबद्दलचं अर्पण, त्यानंतर. हा क्रम त्यांनी मला बोट ठेवून दाखवला. आधी शेजाऱ्याचं दार, मग वेदी. येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तेच सांगतो: दान वेदीपुढं ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. मला लिंबाजवळच्या तुरीचं पोतं दिसायला लागलं. देवानं सगळं नष्ट कर म्हणून सांगितलेलं असताना शौल राजानं अमालेकी लोकांची उत्तम मेंढरं राखून ठेवली होती, तीही देवाला यज्ञ करायचा म्हणूनच.

त्या दिवसापासून मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेणं थांबवलं. कोणी सांगितलं नव्हतं. ताट समोर आलं की मी मान खाली घालून बसायचो. शेजारी बायको बसलेली असायची. तिनं कधी विचारलं नाही, तिला माहीत होतं.

मग घरच्यांशी बोलणं. वारसनोंदीनंतर उताऱ्यावर आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण अशी चार नावं लागली आहेत. मोजणीच्या अर्जाला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. बहिणीनं फोनवरच हो म्हटलं. भाऊ वाळूजला कंपनीत आहे, तो फार चिडला. त्यानं ओळखीच्या वकिलाला विचारून घेतलं होतं. वकिलाचं म्हणणं, 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणं बारा वर्षं उघड कब्जा असेल आणि मूळ मालकानं दावा केला नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे, उगाच मोजणी करून स्वतःविरुद्ध कागद तयार करू नका. भाऊ मला म्हणाला, "कायदा आपल्याला देऊ राहिला, तू काहून नाही म्हणू राहिला? आणि बाबांना कबरीतून बाहेर काढून चोर ठरवणारेस का?"

वकील कदाचित बरोबरच सांगत असेल. मुदतीचा कायदा कोर्टाचं दार बंद करतो. देवाच्या वचनात या पापाला मुदत लिहिलेली मला तरी सापडली नाही. हे मी भावाला सांगितलं, त्याला पटलं नाही. शेवटी आई बोलली. ती तेव्हा 74 वर्षांची होती, दोघांचं बोलणं ऐकत उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "मी भाकर घेऊन जायचे. मला काय दिसत नव्हतं? मी त्यांना एकदा बोलले. ते म्हणाले, लेकरांसाठी करतो. मग मी बी गप बसले. कर सही." भावानं सही केली. त्यानंतर वर्षभर तो शेतावर आला नाही.

अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गेला. साधी, तातडीची, अतितातडीची असे मोजणीचे प्रकार तेव्हा होते. हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठी मी साधी फी भरली. पावसाळा आला, पुढं रानात कापूस उभा राहिला. उभ्या पिकात मोजणी होत नाही. तारीख मिळाली ती 2023 च्या फेब्रुवारीतली.

इथं माझ्या हातून मोठी चूक झाली. तारखेआधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, हे माहीत असून मी काकांना आधी सांगितलं नाही. मोजणी होऊ दे, नक्की आकडा हातात आला की मग जाऊ, असं ठरवून बसलो. खरं म्हणजे धीर होत नव्हता. गावाकडं मोजणी आणली म्हणजे भांडण आणलं. काका त्या वर्षी गुडघ्यामुळं तोडीला गेले नव्हते. नोटीस हातात पडली तसे ते थेट जालन्याला माझ्या दारात आले. धोतराला धूळ, हातात तो कागद. घरात यायला तयार नाहीत. पायरीवर उभे राहून म्हणाले, "मास्तर, आता अजून किती पाहिजे तुम्हाला?"

ते वाक्य मी विसरू शकत नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं. दरवर्षी पाडव्याला परत येऊन ते धुरा बघत असतील, पावलं टाकून मोजत असतील आणि गप्प राहत असतील. आम्ही नोकरीचे, मंडळीचे, चार चांगल्या लोकांत बसणारे. ते कोयत्यावरचे. भांडायला गेलं तर कोर्टाचा खर्च कोण करणार?

मी म्हणालो, "काका, मला पाहिजे नाही. तुमचं आमच्याकडं आलंय, ते किती ते बघायला मोजणी लावली." त्यांना खरं वाटलं नाही. मी पायरीवर खाली बसलो, मग तेही बसले. मी पहिल्यापासून सांगितलं. 2011 ची संध्याकाळही सांगितली. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुह्या बापाला ठावं होतं?"

जमीन सोडायला मी मनानं तयार झालो होतो. पैसे द्यायलाही. या प्रश्नाची तयारी नव्हती. ट्रॅक्टरवाल्यानं केलं, बाबांच्या ध्यानात आलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. काका मान डोलावून उठून गेले असते, त्यांना बाबांविषयी माया होती. तोंडात तेच शब्द येत होते. मी म्हणालो, "हो काका, ठाऊक होतं."

ते बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मह्या लिंबाखाली बसायचा तो." कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बस स्टँडकडं चालू लागले. चहा घेतला नाही.

मोजणीच्या दिवशी सकाळी आठलाच सगळे जमले. भूकरमापक, त्यांच्याबरोबरचा शिपाई, काका, त्यांचा मुलगा, मी, आई आणि वाटेनं जाणारी दहा-बारा माणसं. माझ्या आठवणीत मोजणी म्हणजे साखळी आणि फळी. आता रोव्हर असतो, उंच काठीवर पांढरा गोल घुमट बसवलेला. तो उपग्रहावरून जागा घेतो आणि हातातल्या पाटीवर ठिपका उमटतो. आधी तीन गटांच्या कोपऱ्यावरचा जुना दगड शोधला. मग एकेका ठिकाणी काठी उभी राहत गेली आणि शिपाई फक्कीची खूण टाकत गेला. पांढरी रेघ ओढ्याच्या दिशेनं सरकत होती. वरच्या टोकाला आमच्या धुऱ्यापासून जेमतेम एक मीटर आत, मध्यावर तीन, आणि ओढ्याकडं येईल तशी आणखी आत. शेवटी काठी लिंबाच्या बुंध्याशी येऊन टेकली. तिथं अंतर भरलं पाच मीटर. शिपायानं मुळाशी कुदळ मारली तर हातभर खाली दगड लागला. चौकोनी, एका अंगानं घडवलेला, मुळीनं अर्धा गिळलेला. आई वाकून त्याच्यावरची माती हातानं झाडत बसली.

165 मीटर लांबीची पाचरीसारखी पट्टी, क्षेत्र 4.95 आर. पाच गुंठ्याला जरा कमी. नकाशाची क प्रत पुढं महिन्यानं हातात आली, तिच्यावर अभिलेखाची हद्द एका रेषेनं आणि वहिवाट दुसऱ्या रेषेनं दाखवली आहे. त्या दोन रेषांमधली जागा कागदावर इतकी बारीक दिसते, की काडेपेटीतली काडी तिच्यावर ठेवली तर झाकून जाईल.

तलाठ्यांनी नुकत्याच आलेल्या सलोखा योजनेचं सांगितलं. बारा वर्षांहून जुना ताबा एकमेकांच्या जमिनीवर असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीत अदलाबदल करता येत होती. चांगली योजना, ज्यांचं तसं आहे त्यांनी ती अजून चालू आहे का ते जरूर बघावं. आमच्यात अदलाबदल करायला त्यांच्याकडं आमचं काहीच नव्हतं. खरेदीखताचीही गरज पडली नाही, कारण उताऱ्यावर ती जमीन कधीच आमची झाली नव्हती. दोघांची क्षेत्रं कागदावर पहिल्यापासून बरोबर होती. फक्त ताबा सोडायचा होता. साध्या कागदावर लिहून चौघांच्या सह्या, पंचांच्या दोन, आणि फक्कीच्या रेषेवर सात दगड.

पैशाचा हिशेब मी बाबांच्याच डायरीतून काढला. कुठल्या वर्षी किती कापूस, काय भाव, बाबांनी सगळं लिहून ठेवलेलं. दुष्काळात हाती काही आलं नाही ती वर्षं सोडली. खर्च वजा जाता त्या पट्टीचं पन्नास हजारांच्या आसपास निघालं, ते 50 हजार धरलं. पाचवा हिस्सा 10 हजार. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं लुबाडलेल्याच्या चौपट देईन म्हटलं होतं, माझी तेवढी ऐपत नव्हती. निम्मे मार्चमध्ये दिले, निम्मे कापूस विकल्यावर डिसेंबरमध्ये. काकांनी नको म्हटलं नाही. माझ्यासमोर दोनदा मोजले, काकूंच्या हातात दिले. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील. त्यांनी का बोलावं? त्यांचंच होतं.

9 एप्रिलला पुनरुत्थानाचा सण होता. त्या सकाळी जवळजवळ वर्षानं मी प्रभुभोजन घेतलं. भाकरीचा तुकडा हातात आल्यावर काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. पुढच्या आठवड्यात रान नांगरून लिंबापाशी नवा धुरा घातला.

मंडळीत बातमी गेलीच. काही जणांनी पाठीवर हात ठेवला. काही जण दुखावले, बाबांनी लग्न लावून दिलेली, बाबांनी कर्ज फेडायला मदत केलेली माणसं होती ती. एका आजींनी मला सरळ विचारलं, मेलेल्या माणसाला त्रास देऊन काय मिळालं? त्यांना मी उत्तर दिलं नाही. बाबांचा मान कसा राखायचा ते मी अजून शिकतो आहे. एवढं कळलं आहे, की त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवणं त्यात येतं. ते स्वतः उतरवू शकत नव्हते. त्यांच्या डायरीत 2018 च्या एका पानावर नुसतं लिहिलं आहे, "लिंब", आणि पुढं कोरं. मला ते पान हिशेब काढताना दिसलं. भावाला फोटो पाठवला. त्यानं पाहिला, काही लिहिलं नाही. पुढच्या नाताळाला तो घरी आला.

कमिटीवरचं नाव मी मागं घेतलं. पुढं कधी बोलावलं तर बघू.

2023 चा पाऊस उशिरा आला आणि ऑगस्ट सगळा कोरडा गेला. त्यांचा कापूस वाळला, आमचाही. आज्ञा पाळली म्हणून आमच्या धुऱ्याच्या आत जास्त सर पडली नाही. कापणीच्या सणाला आईनं फडक्यात बांधून चार-पाच किलो तूर नेली, वरच्या रानातली. दाणा बारीक होता. तिनं वेदीपुढं ठेवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ गुडघ्यांवर राहिली.

काका माझ्याशी पहिल्यासारखे बोलत नाहीत. राम राम होतो. उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात याकोब आणि लाबान दगडांची रास रचून ठरवतात, की वाईट हेतूनं या राशीच्या पलीकडं तू यायचं नाही आणि मी यायचं नाही. सासरा-जावई, वीस वर्षांची फसवाफसवी, आणि शेवटी एवढंच. पण त्याच राशीजवळ बसून ते जेवलेही. आमचं अजून जेवण झालेलं नाही. लिंब पुन्हा धुऱ्यावर आहे, सकाळी त्याची सावली त्यांच्या रानात पडते, दुपार कलली की आमच्यात. मी गेलो की डबा तिथंच सोडतो. काकू पलीकडं खुरपत असल्या तर आईशी बोलतात.

काकांचा गुडघा बरा झाला, दोघं पुन्हा टोळीवर जायला लागले. मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनचं रान नांगरायचं होतं. नांगरट असली की मी आता शाळेत रजा टाकतो. ड्रायव्हर नवा पोरगा होता. वरच्या टोकाला वळताना त्यानं ट्रॅक्टर हळू केला, पलीकडच्या मोकळ्या रानाकडं बघितलं आणि मला ओरडून विचारलं, "सर, कुठवर घेऊ? तिकडं कोणी दिसत नाही."

मी दगडाजवळ जाऊन उभा राहिलो. "दगडाच्या अलीकडं दोन हात," मी म्हणालो. "तिथून वळव."